पावसांतील दोन चाकें

महाराष्ट्रांत पावसाळा सर्वांच्या वांट्याला सारखा येत नाहीं. कोंकणांतील घराला तो चार महिन्यांचा हक्काचा पाहुणा वाटतो. देशावरील घराला तो दहा पत्रें पाठवूनहि वेळेवर न येणारा पाहुणा वाटतो. हे दोन्ही पाहुणे एकाच जिल्ह्यांत आणि एकाच दिवशीं भेटावे असें ज्याला वाटत असेल, त्यानें नगर जिल्ह्याची वाट धरावी. या जिल्ह्याचें जुनें नांव अहमदनगर; २०२४ सालीं तें अहिल्यानगर झालें. जामखेड तालुक्यांतील चौंडी या गांवीं १७२५ सालीं जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांचें तें स्मरण आहे. सुमारें सतरा हजार चौरस किलोमीटर पसरलेला हा महाराष्ट्रांतील सर्वांत विस्तीर्ण जिल्हा. नगर शहर वर्षाकांठीं वीस-बावीस इंच पावसावर समाधान मानतें. उलट, पश्चिमेच्या टोंकाला सह्याद्रीच्या कड्याशीं बिलगलेलें घाटघर चांगल्या वर्षीं दीडशें-दोनशें इंच पाऊस अंगावर घेतें. त्याला लोक कौतुकानें नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात.

नगर आणि घाटघर यांमध्यें दीडशेंहून अधिक किलोमीटरांचा रस्ता आहे. हा रस्ता पावसाळ्यांत मोटारसायकलीवरून जाणाऱ्या माणसाला जें शिकवितो, तें कोणत्याहि पुस्तकांत इतक्या स्पष्टपणें सांपडणार नाहीं. मोटारगाडींत बसलेल्या माणसाला पाऊस कांचेपलीकडे दिसतो. मोटारसायकलवाल्याला तो अंगावर भेटतो. जुन्या लोकांनीं या वाहनाला ‘फटफटी’ हें नांव दिलें, त्यांत थोडी थट्टा होती. परंतु आज खेड्यांतील शिक्षक, दूध घालणारा गवळी, औषधांच्या दुकानांतील नोकर आणि शहरांतील विद्यार्थी या सर्वांचा संसार त्याच फटफटीच्या दोन चाकांवर उभा आहे.

या विषयाचें गांभीर्य ध्यानांत यावें म्हणून एक संख्या आरंभींच सांगितलेली बरी. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं भारतांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मरण पावलीं. त्यांपैकीं शेंकडा चव्वेचाळिसांहून अधिक दुचाकीवरून चाललेलीं होतीं. यांतील सर्वांना पावसानें नेलें असें अर्थातच नव्हे. परंतु कोरड्या दिवशीं जी चूक केवळ कपडे फाडून सोडते, तीच चूक ओल्या दिवशीं माणसाला समोरून येणाऱ्या मालमोटारीखालीं नेऊन टाकते. म्हणून पावसांत दुचाकी कशी चालते आणि कां घसरते, हें चालविणाऱ्यानें तर समजून घ्यावेंच, पण त्याची वाट पाहणाऱ्या घरानेंहि समजून घ्यावें.

नगर शहराचा दुचाकीशीं असलेला ऋणानुबंध जुना आहे. १९७२ सालीं किनेटिक इंजिनिअरिंग या कारखान्याची ‘लूना’ नगरला तयार होऊन रस्त्यावर आली. पन्नास घनसेंटिमीटरांचें लहानसें इंजिन आणि सायकलीसारखे पाय मारण्याची सोय, असें तिचें साधें रूप होतें. पावसांत ठिणगीचा प्लग भिजून इंजिन रुसलें, तर स्वार पाय मारीत घर गांठूं शके. पुढें जोरदार इंजिनें आलीं आणि ही नम्र सोय लोपली. २०२४ सालीं विजेवर चालणारी लूनाहि बाजारांत आली. केंद्र सरकारच्या संरक्षण संशोधन खात्याची वाहनविषयक संस्था याच शहराजवळ आहे. विक्रीस येण्यापूर्वीं वाहनांची पारख करण्याचा अधिकार ज्या मोजक्या संस्थांना नियमानें दिला आहे, त्यांत तिचें नांव आहे. वाहनाची परीक्षा अशा रीतीनें एकदां होऊन जाते. ती चालविणाऱ्या माणसाची परीक्षा मात्र दर वर्षीं मृगाचा पाऊस घेतो.

या परीक्षेंतील पहिला प्रश्न नगरच्या वेशीबाहेरच भेटतो. मनमाडकडे जाणारा रस्ता विळद घाट उतरून राहुरीच्या दिशेनें जातो. कोरड्या महिन्यांत या डांबरावर धूळ बसते, इंजिनांतून गळलेलें तेल ठिबकतें आणि टायरांचें झिजलेलें रबर पसरतें. पहिली हलकी सर पडली कीं या तिघांचा लेप तयार होतो. लोकांना वाटतें कीं मुसळधार पाऊस धोक्याचा आणि भुरभुर निरुपद्रवी. वस्तुस्थिति बहुधा उलट असते. चांगला अर्धा तास जोराचा पाऊस झाला, तर तो रस्ता धुऊन काढतो. भुरभुर मात्र लेप भिजविते आणि तेथेंच ठेवते.

आतां नगरच्या पर्जन्याचा स्वभाव लक्षांत घ्यावा. येथें पाऊस सलग पडत नाहीं. मध्यें आठ-आठ, पंधरा-पंधरा दिवसांचे खंड पडतात. प्रत्येक खंडांत धूळ व तेल पुन्हां सांचतें, आणि खंडानंतरची प्रत्येक सर ही रस्त्याच्या दृष्टीनें पहिलीच सर ठरते. घाटघरच्या रस्त्याला जूनमध्यें एकदां धुवून निघाल्यावर मळ धरण्यास सवडच मिळत नाहीं. नगर, पारनेर, पाथर्डी या भागांतील रस्ता मात्र सबंध पावसाळाभर पुनःपुन्हां निसरडा होतो. जेथें पाऊस थोडा, तेथें निष्काळजीपणा अधिक, आणि जेथें निष्काळजीपणा अधिक, तेथें अपघाताला जागा अधिक. अवर्षणाच्या प्रदेशांतील माणसानें पावसांत जपून चालावें, हें ऐकावयास विपरीत वाटतें, पण तें खरें आहे.

घसरण्याचें मूळ कारण काय, हें थोडक्यांत पाहण्यासारखें आहे. मोटारसायकल जमिनीला केवळ दोन ठिकाणीं शिवते, आणि त्या दोन्ही जागा मिळून माणसाच्या तळहाताएवढ्याच भरतात. गाडीला पुढें ढकलणें, थांबविणें आणि वळविणें हीं तिन्हीं कामें तेवढ्याच जागेंतील पकडीवर होतात. ही पकड म्हणजे गांठीचा एक रुपया आहे असें समजावें. सरळ रस्त्यावर तो सगळा ब्रेकवर खर्च करतां येतो. वळणावर गाडी कललेली असतांना त्यांतील बारा आणे वळण्यांतच जातात. अशा वेळीं कोणीं ब्रेकवर आठ आणे खर्चूं पाहिले, तर हिशेब जमत नाहीं आणि चाक पायाखालून निघून जातें. पावसांत तर गांठीला रुपयाच नसतो, आठच आणे असतात. म्हणून वेग वळणाच्या आधीं कमी करावा, वळणांत नव्हे. हा एकच नियम पाळला, तरी घाटांतील निम्मी भीति संपेल.

हाच हिशेब अंतरांत मांडला तर अधिक स्पष्ट होतो. ओल्या डांबरावरील पकड कोरड्याच्या निम्मी धरली, तर ताशीं ३० किलोमीटर वेगाची गाडी ब्रेक लागल्यानंतर सुमारें ९ मीटरांत थांबते. ताशीं ६० किलोमीटर वेगाच्या गाडीला ३५ मीटर लागतात. वेग दुप्पट झाला कीं थांबण्याचें अंतर चौपट होतें. त्यांत माणसाला धोका दिसून त्याचा हात हालेपर्यंत एक सेकंद जातो; तेवढ्यांत पहिली गाडी ८ मीटर आणि दुसरी जवळजवळ १७ मीटर पुढें गेलेली असते. म्हणजे एकाला १७ मीटर पुरतात, दुसऱ्याला ५२ मीटर लागतात. पावसांत ५२ मीटर पलीकडचें म्हसरूं दिसतें कीं नाहीं, याचा विचार ज्यानें त्यानें करावा.

ब्रेकविषयीं एक गैरसमज घरोघर आढळतो. पुढचा ब्रेक दाबला कीं गाडी उलटते, म्हणून तो वापरूंच नये, असें वडीलधारीं माणसें सांगतात. ब्रेक लागतांना भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून थांबविण्याचें मुख्य काम तेंच चाक करतें. तो ब्रेक टाळला तर थांबण्याचें अंतर फार वाढतें. मात्र तो एकदम आवळूं नये. ओला कपडा पिळतांना जसा हळूहळू जोर वाढवावा, तसा वाढवावा, आणि मागचा ब्रेक जोडीला घ्यावा. १२५ घनसेंटिमीटरांहून मोठ्या इंजिनाच्या मोटारसायकलींना २०१८ व २०१९ सालच्या नियमांनीं ए.बी.एस. ही यंत्रणा सक्तीची झाली. चाक जाम होण्याच्या बेतांत आलें कीं ती ब्रेकचा दाब क्षणभर सैल करते आणि पुन्हां देते. हें ती एका सेकंदांत अनेकदां करते. यंत्र उपयुक्त आहे, पण तें आठ आण्यांचा रुपया करीत नाहीं. आहेत ते आठ आणे वायां जाऊं देत नाहीं, एवढेंच.

राहुरी ओलांडून कोल्हारला प्रवरेच्या कांठीं आलें कीं प्रश्न बदलतो. हें पाटपाण्याचें आणि उंसाचें खोरें. सहकारी साखर कारखानदारीची मुहूर्तमेढ ज्या प्रवरानगरला रोवली गेली, तें लोणी याच वाटेवर. येथील काळी जमीन पाण्यानें फुगते आणि लोण्यासारखी मऊ होते. शेतांतून निघालेला ट्रॅक्टर आपल्या चाकांबरोबर ती डांबरी रस्त्यावर आणून सोडतो, आणि मग पांचपन्नास पावलें डांबरावर काळ्या चिखलाचा पातळ थर पसरलेला असतो. येथें ब्रेक लावूं नये, वळूं नये आणि एकदम वेगहि देऊं नये; गाडी सरळ ठेवून, गति स्थिर ठेवून तो पट्टा पार करावा. शिवारांतील कच्च्या वाटेवर तर हा चिखल चाक व मडगार्ड यांमध्यें गच्च बसून चाकच थांबवितो. म्हणून तेथील शेतकरी काटकी शोधून चिखल कोरून काढतो आणि न कुरकुरतां पुढें जातो.

याच भागांत ओढ्यांवरील फरशी पूल आहेत. या पुलांवरून पाणी वाहूं लागलें कीं कांठावर माणसें जमतात आणि एखादा तरणाबांड गडी गाडी घालण्याची तयारी करतो. पाणी गुडघ्याइतकेंच दिसतें, दहा पावलांवर पलीकडचा कांठ असतो, आणि मागें उभे असलेले लोक पाहत असतात. नेमकें हें पाहणेंच घातक ठरतें. वाहत्या पाण्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. वेग दुप्पट झाला तर लोटण्याची शक्ति चौपट होते. त्यांतच पाणी गाडीला थोडें उचलून धरतें, त्यामुळें चाकांची पकड आणखी कमी होते. गढूळ पाण्याखालीं फरशी शाबूत आहे कीं वाहून गेली आहे, हें कोणालाहि दिसत नाहीं. म्हणून फरशी पुलावरून पाणी जात असेल तेथें शौर्याला जागा नाहीं. गाडी उभी करावी. ओढा जसा अकस्मात् चढतो, तसा बहुधा कांहीं तासांत उतरतोहि.

संगमनेर, अकोले, राजूर असें चढत गेलें कीं हवा बदलते. भाताचीं खाचरें लागतात; जुलैमध्यें त्यांत आवणी चाललेली असते, आणि पाठीवर इरलें घेतलेलीं माणसें पाण्यांत वांकून रोपें लावीत असतात. रंध्याचा धबधबा गर्जत असतो. पुढें शेंडीजवळ भंडारदऱ्याचें विल्सन धरण. त्याचें बांधकाम १९१० सालीं सुरू होऊन १९२६ सालीं पुरें झालें आणि त्याची उंची सुमारें ८२ मीटर आहे. धरणाच्या जलाशयाभोंवतीं रतनवाडी, साम्रद, घाटघर या गांवांना जोडणारा रस्ता फिरतो. एका बाजूला कळसूबाई, महाराष्ट्रांतील सर्वांत उंच, १,६४६ मीटरांचें शिखर. दुसऱ्या बाजूला रतनगड. आणि रतनवाडीला अमृतेश्वराचें शिल्पसमृद्ध प्राचीन मंदिर. पावसाळ्यांत हें सारें ढगांत बुडालेलें असतें, आणि तें पाहण्यासाठींच पुण्यामुंबईची तरुण मंडळी शनिवार-रविवारीं दुचाक्यांच्या रांगा घेऊन येतात.

येथील धोके निराळे आहेत. रस्ता धुतलेला असतो, पण झाडांच्या सावलींत आणि जेथें झऱ्याचें पाणी रस्त्यावरून सतत वाहतें तेथें डांबरावर हिरवें शेवाळ धरतें. दरडींतून सुटलेले दगड वळणापलीकडे पडलेले असतात. रस्त्यावर रंगविलेले पांढरे पट्टे डांबरापेक्षां पुष्कळ निसरडे असतात. धुकें आलें कीं वीस पावलांपलीकडे कांहीं दिसत नाहीं. अशा वेळीं उतारावर केवळ ब्रेकवर विसंबूं नये. खालचा गियर घालावा, म्हणजे इंजिनच गाडीला आवरून धरतें. २०१७ सालापासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो, ही चांगली तरतूद आहे. पण मागचा दिवा चिखलानें माखलेला असेल, तर मागून येणाऱ्याला तिचा उपयोग नाहीं. चहासाठीं थांबल्यावर एका फडक्यानें तो पुसून घेणें हें अर्ध्या मिनिटाचें काम आहे.

या मुलुखांत पावसांत गाडी चालविण्याची खरी विद्या पाहुण्यांपाशीं नसून रहिवाशांपाशीं आहे. राजूरच्या बाजाराला जाणारा आदिवासी शेतकरी किंवा आश्रमशाळेंत शिकविण्यास जाणारा गुरुजी या रस्त्यावरून चार महिने रोज जातो. त्याची गाडी साधी, शंभर घनसेंटिमीटरांची असते. तो सावकाश जातो. कोणत्या वळणाला झरा फुटतो, कोणता पूल प्रथम बुडतो, हें त्याला ठाऊक असतें. सर फारच वाढली, तर तो कोणाच्या तरी पडवींत गाडी उभी करतो आणि पाऊस ओसरेपर्यंत गप्पा मारीत बसतो. शहरी स्वाराला हा वेळ वायां गेला असें वाटतें. त्याला मात्र तसें वाटत नाहीं, कारण उद्यांहि त्याला याच रस्त्यानें जावयाचें असतें.

पाहुण्यांनीं आणखी एका रहिवाशाची कदर करावी. मेअखेरीपासून पहिला जोराचा पाऊस येईपर्यंत या रानांतील हिरडा-बेहड्याच्या झाडांवर लक्षावधि काजवे लुकलुकतात. तो लुकलुकाट म्हणजे नर-मादींची परस्परांना घातलेली साद असते. मोटारसायकलीच्या प्रखर दिव्यांत ती बुडून जाते. हें रान १९८६ सालापासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य म्हणून राखीव आहे. तेथें रात्रीं गाडी दूर ठेवून पायीं जाणें हेंच शहाणपणाचें.

राहिला पोषाखाचा प्रश्न. शिरस्त्राण, म्हणजेच हेल्मेट, १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें आवश्यक ठरविलें आहे, आणि २०२१ सालापासून दुचाकीसाठीं आय.एस.आय. शिक्क्याचेंच हेल्मेट विकतां येतें. त्याची कांच ओरखडलेली असेल, तर रात्रीं समोरच्या दिव्यांचे त्यांत हजार तुकडे होतात. ती वेळेवर बदलावी. मागें बसणाऱ्यानें छत्री उघडूं नये. वाऱ्याच्या एका झोताबरोबर छत्री शिडासारखी फुगते आणि तोल नेते. साडीचा पदर, ओढणी आणि पावसाळी कोटाचा लोंबता घोळ चाकांत अडकून झालेले अपघात वर्तमानपत्रांत वारंवार येतात. मागील चाकाला आच्छादन असावें असा नियम याचसाठीं आहे. ती जाळी शोभेसाठीं कोणी काढून टाकूं नये. भिजलेल्या अंगाला वारा लागला कीं बोटें बधिर होतात, आणि बधिर बोटांना ब्रेकचा अंदाज येत नाहीं. कोरडे हातमोजे व सदऱ्याचा एक जादा जोड पिशवींत ठेवणें ही चैन नव्हे.

एवढें सगळें सांगून झालें, तरी एक गोष्ट चालविणाऱ्याच्या हातीं नसते; ती घराच्या हातीं असते. पावसांत माणूस वेगानें जातो तो बहुतेक वेळां वेगाच्या आवडीनें नव्हे, तर उशीर होईल या धास्तीनें. कचेरींत हजेरी लागेल, शिकवणी चुकेल, ताटें मांडून मंडळी खोळंबतील, अशी कसली तरी टोचणी त्याच्या पाठीशीं बसलेली असते. खिशांतला दूरध्वनि वाजूं लागला कीं ती दुप्पट होते. तो चिंतेनें केलेला असतो. परंतु उत्तर मिळत नाहीं म्हणून चारदां वाजविलेली ती घंटा ओल्या उतारावरच्या माणसाचें लक्ष रस्त्यावरून काढते.

म्हणून सुशिक्षित घरांनीं पावसाळ्यापुरता एक रिवाज पाडावा. बाहेर पडणाऱ्याला डबा देतांना त्याच्याबरोबर वेळेची सवलतहि द्यावी: पाऊस लागला तर थांब, थांबल्यावर कळव, जेवण झांकून ठेवतों. मुलगा असो, सून असो, कीं संध्याकाळीं परतणारे वडील असोत, हें वाक्य सर्वांना सारखेंच लागू आहे. आणि माणूस तासभर उशिरां, ओलाचिंब होऊन दारांत उभा राहिला, म्हणजे त्याला उशिराचें कारण विचारूं नये. पंचा द्यावा, चहा टाकावा, आणि गाडी पागोळ्यांखालीं उभी आहे कीं कोरड्या जागीं, एवढेंच विचारावें.